पैसे अर्ध्या वाटेत अडकले तर?

प्रश्न : चार वर्षांपासून एका ई-कॉमर्स कंपनीत बॅकएंडचं काम करतोय. जावा, स्प्रिंग बूट, पोस्टग्रेस आणि मेसेजिंगसाठी थोडंफार काफ्का. एका फायनान्शियल सर्व्हिसेस कंपनीकडून सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या जागेसाठी बोलावणं आलंय. तीन आठवड्यांनी ऑनलाइन टेस्ट, मग तीन राउंड. मला फायनान्समधलं ओ की ठो कळत नाही. एक मित्र म्हणतो, डेरिव्हेटिव्हजचं पुस्तक वाचून काढ. दुसरा म्हणतो, रोज दहा अवघड कोडिंग प्रॉब्लेम सोडव, बाकी काही लागत नाही. नोकरी सांभाळून दिवसाला दोन तास मिळतात. त्यात नेमकं काय करू?

उत्तर : पहिला मित्र चुकीचं पुस्तक हातात देतोय आणि दुसरा योग्य औषध भलत्याच मात्रेत. ऑप्शनची किंमत काढायची सूत्रं क्वांट लोकांना (बाजाराची गणितं मांडणाऱ्यांना) विचारतात, तुम्हाला नाही. आणि दिवसाला दहा अवघड प्रॉब्लेम सोडवून टेस्ट निघेल, पण पुढच्या राउंडला घोडं पेंड खाईल. तिथले प्रश्न वरवर वेगवेगळे दिसतात, आतून एकच असतात. हे काम मध्येच बंद पडलं, दोनदा झालं किंवा दोघांनी एकाच वेळी केलं, तर पैशांचं काय होतं?

याबाबतीत तुमचं काखेत कळसा अन् गावाला वळसा असं चाललंय. शेवटचा एक नग दोन ग्राहकांना विकला गेला, रिफंड दोनदा गेला, पैसे कापले पण ऑर्डर ‘पेंडिंग’ राहिली, यातलं काही ना काही चार वर्षांत तुमच्यासमोर आलंच असेल. पैशांच्या सिस्टिममध्ये हेच प्रश्न असतात, फक्त तिथे कूपन देऊन ग्राहकाची समजूत घालता येत नाही.

तयारीला लागण्याआधी रिक्रूटरला एक मेल टाका. टीम कोणती, टेस्टमध्ये कोणती भाषा चालते, कोड चालवून दाखवायचा की नुसता लिहायचा, आणि सिस्टिम डिझाइनचा वेगळा राउंड आहे का, एवढंच विचारा. हे विचारायला लोक उगाच लाजतात. उत्तर मिळालं की निम्मी तयारी आपोआप गळून पडते. टीम ट्रेडिंगची असेल तर वेग, मेमरी आणि ऑर्डर बुक (खरेदी-विक्रीच्या उभ्या ऑर्डरींची यादी) यांवर भर असतो. पेमेंटची असेल तर रिट्राय आणि दुबार व्यवहार. रिस्क किंवा रिपोर्टिंगची असेल तर एसक्यूएल आणि रात्रीच्या बॅच. कर्ज किंवा विम्याची असेल तर तारखा, व्याज आणि राउंडिंग. टीम कळली नाही तर पेमेंट धरून चाला, त्यात सगळ्यांचं थोडं थोडं येतं.

एकच ट्रान्सफर, पण मुळापासून

पहिल्या आठवड्यात एक छोटीशी सर्व्हिस लिहा. अ खात्यातून ब खात्यात ५०० वळवायचे, बस. स्क्रीन नको, लॉगिन नको. डेटाबेस मात्र खरा पोस्टग्रेस घ्या. एच-टू सारखा मेमरीतला डेटाबेस चालणार नाही, कारण लॉकिंगचं वागणं दोन्हीकडे सारखं नसतं आणि तुम्हाला तेच तर बघायचंय. ही सर्व्हिस लिहिताना जे अडथळे येतील, त्यांतूनच बहुतेक प्रश्न निघतात.

पहिला अडथळा रक्कम ठेवण्याचा. ‘डबल’ वापरलात तर पुढचं बोलणं तिथेच थंडावतं. ०.१ अधिक ०.२ म्हणजे डबलमध्ये ०.३०००००००००००००००४, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यापुढचं फार कमी जणांना येतं. बिगडेसिमल हा जावाचा अचूक दशांशाचा टाइप वापरताना कन्स्ट्रक्टरला ०.१ हा डबल दिला तर मूळ चूक जशीच्या तशी आत येते, म्हणून स्ट्रिंग द्यायची किंवा व्हॅल्यूऑफ वापरायचं. इक्वल्सच्या हिशेबी २.० आणि २.०० वेगळे असतात, कारण ते दशांश स्थळंही बघतं. किमतीची तुलना कम्पेअर-टूनेच करायची. आणि १० भागिले ३ करताना राउंडिंग सांगितलं नाही, तर थेट अरिथमेटिक एक्सेप्शन येतं.

दुसरा मार्ग सगळ्यात लहान एककात पूर्णांक ठेवण्याचा. तो चांगला आहे, पण ‘शंभराने गुणायचं’ असं म्हणून मोकळे होऊ नका. जपानी येनला दशांश स्थळ नाही, कुवेती दिनारला तीन आहेत. त्यामुळे रकमेसोबत चलनाचा कोड हवा आणि स्थळांची संख्या त्या कोडवरून ठरायला हवी. टाइप ‘लाँग’ घ्या. इंटची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. शंभरावा भाग हे एकक धरलं तर सव्वादोन कोटींच्या आतच ती संपते, आणि जावा काही न बोलता उणे आकडा दाखवतं.

राउंडिंगवर एक प्रश्न हमखास येतो, १०० तिघांत वाटा. ३३.३३ तीनदा दिले की ०.०१ उरतो. तो कुणाला द्यायचा याचा नियम आधी ठरवायचा, उदाहरणार्थ पहिल्याला ३३.३४, आणि वाटणीनंतर बेरीज पुन्हा १०० येते का हे तपासायचं. हाफ-अप आणि हाफ-इव्हन यांतला फरक एका उदाहरणासह सांगता यायला हवा. २.३४५ चे हाफ-अपने २.३५ होतात, हाफ-इव्हनने २.३४, कारण बरोबर मध्यावरचा आकडा ते जवळच्या सम अंकाकडे नेतं. लाखो नोंदींवर हाफ-अप सतत वरच्या बाजूला झुकतं, म्हणून हाफ-इव्हन. कुठे कोणतं वापरायचं हे मात्र करार किंवा नियम ठरवतो, प्रोग्रामर नाही. हे वाक्य इंटरव्ह्यूत मुद्दाम म्हणा.

आता खरी गंमत. अ खात्यात ८०० आहेत. ५०० च्या दोन रिक्वेस्ट एकदम आल्या. दोन्ही थ्रेडनी शिल्लक वाचली, ८००. दोघांनी तपासलं, पुरेशी आहे. दोघांनी ३०० लिहिले. बाहेर गेले १०००, खात्यात दिसतात ३००. ‘ट्रान्झॅक्शन लावलंय, मग असं कसं होईल?’ हे बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं आणि ते चूक आहे. पोस्टग्रेसची डिफॉल्ट आयसोलेशन पातळी (एकदम चालणारी ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती अलग ठेवायची ते) रीड कमिटेड असते आणि तिथे हे बिनदिक्कत घडतं. पोस्टग्रेसला रिपीटेबल रीडवर नेलं तर दुसऱ्या ट्रान्झॅक्शनला ४०००१ हा एरर कोड मिळतो आणि ते तुम्हाला पुन्हा चालवावं लागतं. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत रिपीटेबल रीड हीच डिफॉल्ट पातळी आहे, तरी साधं वाचून-मग-लिहिणं तिथे चुपचाप पार पडतं. एकाच नावाच्या दोन पातळ्या दोन डेटाबेसमध्ये वेगळ्या वागतात, हे सांगू शकलात की समोरचा खुर्चीत जरा पुढे सरकतो.

उपाय तीन. एक, अपडेटमध्येच अट घालायची, की शिल्लक ५०० किंवा जास्त असेल तरच वजा कर, आणि किती ओळी बदलल्या ते बघायचं. शून्य आल्या तर शिल्लक अपुरी. दोन, सिलेक्ट फॉर अपडेटने ओळ आधी लॉक करायची. तीन, व्हर्जनचा कॉलम ठेवायचा आणि व्हर्जन बदललेलं दिसलं तर पुन्हा प्रयत्न करायचा. साध्या वजाबाकीला पहिला पुरतो. लिहिण्याआधी तीन-चार नियम तपासायचे असतील तर दुसरा. टक्कर क्वचितच होत असेल तर तिसरा. एकाच गजबजलेल्या खात्यावर व्हर्जन लावलं तर निम्मा वेळ रिट्रायमध्येच जातो. तिन्ही उपाय लिहून बघा आणि कोणता का निवडला ते बोलून दाखवायची सवय करा.

लॉक आला की डेडलॉक आलाच. एक ट्रान्सफर अ कडून ब कडे, त्याच क्षणी दुसरी ब कडून अ कडे. पहिलीने अ धरला, दुसरीने ब, आणि दोघी एकमेकींची वाट बघतायत. डेटाबेस एकीला मारतो. दिशा कुठलीही असो, लहान नंबरचं खातं आधी लॉक करायचं, की हा गुंता होत नाही. तरी मारल्या गेलेल्या ट्रान्झॅक्शनसाठी रिट्राय ठेवाच.

स्प्रिंगवाल्यांसाठी दोन सापळे. ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनोटेशन असलेली मेथड त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडने थेट बोलावली, तर कॉल प्रॉक्सीतून जात नाही आणि नवीन ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही. दुसरं, चेक्ड एक्सेप्शन आलं तर स्प्रिंग आपणहून रोलबॅक करत नाही. ते फक्त रनटाइम एक्सेप्शन आणि एरर यांवर होतं. पैसे वजा झाले, जमेच्या वेळी चेक्ड एक्सेप्शन आलं, आणि वजाबाकी कमिट झाली. हे तुमच्या सर्व्हिसमध्ये मुद्दाम घडवून बघा.

मग टेस्ट लिहा. दहा खाती, पन्नास थ्रेड, प्रत्येकी दोनशे यादृच्छिक ट्रान्सफर. सुरुवातीला सगळ्या शिलकींची बेरीज आणि शेवटची बेरीज जुळलीच पाहिजे, आणि कुठलंही खातं शून्याखाली जाता कामा नये. मध्येच प्रोसेस मारून टाका आणि पुन्हा बेरीज करा. ‘हे बरोबर आहे हे तुम्ही कसं तपासाल?’ या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर हीच टेस्ट आहे.

टाइमआउट म्हणजे नकार नव्हे

ब खातं दुसऱ्या बँकेत असेल तर? तुम्ही कॉल केला, तीस सेकंद थांबलात, टाइमआउट. पैसे गेले की नाही? ठाऊक नाही, आणि ‘ठाऊक नाही’ ही तुमच्या सिस्टिममधली स्वतंत्र अवस्था असली पाहिजे. ‘फेल’ लिहून पैसे परत केले आणि पलीकडे ते जमा झालेले असले, तर भुर्दंड तुमच्या कंपनीला. उमेदवार सगळ्यात जास्त इथे पडतात. यशस्वी आणि अयशस्वी अशा दोनच खुणा ठेवतात आणि मधल्या अवस्थेला जागाच उरत नाही.

नीट रचना अशी. क्लायंट प्रत्येक व्यवहारासाठी एक आयडेम्पोटन्सी की (तोच व्यवहार पुन्हा आला तर ओळखू येईल अशी खूण) बनवतो आणि रिट्राय करताना तीच पाठवतो. तुमच्याकडे त्या कीवर युनिक कन्स्ट्रेंट. पहिल्या ट्रान्झॅक्शनमध्ये कीची नोंद, रक्कम राखून ठेवणं आणि ‘पाठवतोय’ ही अवस्था, इतकं लिहून कमिट. मग नेटवर्क कॉल. मग दुसऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये निकाल. नेटवर्क कॉल चालू असताना डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन उघडं ठेवायचं नाही. पलीकडची बाजू मंदावली की तुमची सगळी कनेक्शन अडकतात आणि ज्यांचा त्या बँकेशी संबंधही नाही असे व्यवहारसुद्धा थांबतात. प्रोसेस मध्येच मेली तर? दर थोड्या वेळाने चालणारा एक जॉब जुन्या ‘पाठवतोय’ नोंदी उचलतो आणि त्याच संदर्भ क्रमांकाने पलीकडे स्थिती विचारतो. नवा व्यवहार पाठवत नाही.

यावर दोन उपप्रश्न ठरलेले. तीच की पण रक्कम वेगळी आली तर? नाकारायची, जुनं उत्तर परत द्यायचं नाही. त्यासाठी कीसोबत रिक्वेस्टचा हॅश ठेवायचा. एकाच कीच्या दोन रिक्वेस्ट एकदम आल्या तर? पोस्टग्रेसमध्ये दुसरी इन्सर्ट पहिलीच्या कमिटची वाट बघते आणि मग युनिकचा एरर देते. त्या एररनंतर आख्खं ट्रान्झॅक्शन निकामी होतं, म्हणून ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ वापरायचं आणि ओळ खरंच घातली गेली का ते बघायचं.

काफ्का तुमच्या सीव्हीवर ‘थोडंफार’ असेल तर ते काढा किंवा पुरेसं करा. मधली स्थिती धोक्याची. व्यवहार कमिट झाला आणि मेसेज पाठवण्याआधी प्रोसेस मेली तर काय, यावर उत्तर आउटबॉक्सचं. व्यवहार आणि मेसेज एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन टेबलांत लिहायचे, आणि मेसेज पाठवायचं काम दुसऱ्या प्रोसेसने करायचं. मेसेज दोनदा जाऊ शकतो, म्हणून घेणाऱ्यानेही आधी बघितलेला आयडी ओळखायला हवा. एका खात्याच्या घडामोडी क्रमाने हव्यात तर पार्टिशन की खातं क्रमांक. ‘काफ्कात एक्झॅक्टली-वन्स आहे’ असं म्हणून सुटका होत नाही. ती हमी काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरती आहे, मध्ये केलेला बाहेरचा एपीआय कॉल तिच्यात येत नाही.

आणि खातेवही. शिल्लक हा एक कॉलम आणि तो अपडेट करत राहायचा, एवढ्यावर मुलाखत घेणारा समाधानी नसतो. प्रत्येक व्यवहाराच्या किमान दोन नोंदी, एक नावे, एक जमा, बेरीज शून्य. नोंद कधी बदलायची नाही, खोडायची नाही. चूक झाली तर उलटी नोंद करायची. शिल्लक हा त्या नोंदींवरून निघणारा आकडा, वेगासाठी वेगळा साठवलेला. दिवसाच्या शेवटी समोरच्या संस्थेची फाइल येते आणि तिच्याशी ताळा घ्यायचा. तिथे तीन प्रकारचे फरक निघतात. आपल्याकडे आहे त्यांच्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे आपल्याकडे नाही, आणि दोन्हीकडे आहे पण रक्कम वेगळी. पहिल्या प्रकारातले कित्येक फरक नुसते वेळेचे असतात. व्यवहार कट-ऑफनंतर झाला, उद्याच्या फाइलमध्ये येईल. म्हणून व्यवहाराची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) आणि हिशेबाची तारीख वेगळ्या कॉलमात. डिझाइन राउंडमध्ये रिकन्सिलिएशनचं, म्हणजे या ताळ्याचं, नाव न विचारता काढलंत तर या धंद्याची तुम्हाला जाण आहे, हे समोरच्याला कळतं.

कोडिंग टेस्ट आणि एसक्यूएल

रोज दोन प्रॉब्लेम पुरेत, मध्यम काठिण्याचे, घड्याळ लावून. हॅशमॅप, हीप, सॉर्टिंग, इंटरव्हल, स्लायडिंग विंडो. डायनॅमिक प्रोग्रामिंगचे चार-पाच नेहमीचे प्रकार बघून ठेवा, त्यात आठवडा घालवू नका. एलआरयू कॅश (जागा संपली की सगळ्यात आधी वापरलेली नोंद काढणारी) आणि रेट लिमिटर (ठरावीक वेळात किती रिक्वेस्ट घ्यायच्या ते आवरणारा) हात न थांबता लिहिता यायला हवेत, तेही दोन थ्रेड एकदम आले तर काय बदलाल या उत्तरासह. व्होलाटाइल लावलं तरी काउंट प्लस-प्लस अ‍ॅटॉमिक (मध्ये दुसरा थ्रेड घुसू शकणार नाही असं) होत नाही, हे जावावाल्यांना विचारतातच.

ऑर्डर बुक मात्र नीट करा, टीम ट्रेडिंगची नसली तरी. विकणारे असे समजा: १०१ ला ३०, त्यानंतर आलेला १०१ ला ५०, आणि १०२ ला ४०. आता १०२ च्या मर्यादेने १०० ची खरेदी आली. आधी १०१ चे ३०, मग १०१ चे ५०, मग १०२ मधले २०. विक्रीच्या बाजूला १०२ ला २० उरले. सौदा आधीपासून उभ्या असलेल्या ऑर्डरच्या भावाने होतो, म्हणून पहिले ८० हे १०१ ने, खरेदीदार १०२ द्यायला तयार असला तरी. खरेदीची मर्यादा १०१ असती तर ८० मिळून उरलेले २० खरेदीच्या बाजूला १०१ ला उभे राहिले असते. भावाला पहिला मान, भाव सारखा असेल तर आधी आलेल्याला.

नुसती प्रायॉरिटी क्यू घेतलीत तर दोन ठिकाणी फसाल. सारख्या भावाच्या ऑर्डरींचा क्रम ती राखत नाही, त्यासाठी वाढता अनुक्रमांक लागतो. आणि मधली ऑर्डर रद्द करायला जावाची प्रायॉरिटी क्यू सगळी रांग चाळते. ट्रीमॅपमध्ये भाव, प्रत्येक भावाला दुहेरी जोडलेली लिंक्ड लिस्ट, आणि ऑर्डर आयडीवरून थेट नोडकडे नेणारा हॅशमॅप, म्हणजे रद्द करणं झटक्यात होतं. अर्धवट भरलेली ऑर्डर रांगेतली आपली जागा सोडत नाही, हे कोडमध्ये चुकतंच.

लिहायला लागण्याआधी पाच मिनिटं प्रश्न विचारण्यात घालवा. रक्कम शून्य असू शकते? उणे? एकच आयडी दोनदा येईल? इतर कंपन्यांत हे चांगलं समजतात, इथे न विचारणं हा दोष धरतात.

एसक्यूएलकडे दुर्लक्ष करणारे खूप, आणि गाळणीत गळणारेही तेच. चालू शिल्लक काढायचा प्रश्न घ्या. सम ओव्हर, पार्टिशन बाय खातं, ऑर्डर बाय वेळ. एकाच वेळेच्या दोन नोंदी असल्या की दोन्हींपुढे सारखीच शिल्लक येते, कारण डिफॉल्ट फ्रेम ‘रेंज’ असते आणि ती सारख्या वेळेच्या ओळी एकत्र धरते. ‘ROWS अनबाउंडेड प्रिसीडिंग’ लिहायचं, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी धरली जाते, आणि ऑर्डर बायमध्ये वेळेनंतर व्यवहाराचा आयडीही द्यायचा. महिन्याचे व्यवहार काढताना ‘बिटवीन’ १ आणि ३१ लिहिलं, तर ३१ तारखेच्या मध्यरात्रीनंतरचा सगळा दिवस सुटतो. त्याऐवजी १ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आधीपर्यंत, असं लिहा. ‘नॉट इन’च्या आतल्या यादीत एक नल आला की उत्तर रिकामं. लेफ्ट जॉइन करून उजव्या टेबलाची अट ‘व्हेअर’मध्ये टाकली की तो इनर जॉइन होतो. हे चार सापळे स्वतः टेबलं बनवून चालवून बघा, वाचून लक्षात राहत नाहीत.

डिझाइन राउंड

आधी आकडेमोड. दिवसाला ५० लाख व्यवहार भागिले ८६,४०० सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे ५८. गर्दीच्या वेळी दसपट धरले तरी ५८०. एवढ्यासाठी वीस मायक्रोसर्व्हिस आणि शार्डिंग (डेटा अनेक डेटाबेसमध्ये वाटणं) मांडणारे उमेदवार बघून मुलाखत घेणाऱ्यांना कंटाळा आलेला असतो. एक चांगला प्रायमरी डेटाबेस, त्याची सिंक्रोनस प्रत आणि वर सांगितलेली रचना इथून सुरुवात करा, आणि ही कुठे कमी पडेल ते सांगा. शिल्लक तपासण्यासाठी मागे पडलेल्या रेप्लिकावरून वाचू नका, ते डिझाइनमध्ये दिसलं की ८०० चा घोळ परत आला.

सुरक्षिततेचा मुद्दा आपणहून काढा. कार्डाचा व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही साठवायचाच नाही, एन्क्रिप्ट करूनसुद्धा नाही, असं पीसीआय डीएसएस हे कार्डांच्या सुरक्षेचं मानक सांगतं. कार्ड क्रमांक बहुतेकदा डेटाबेसमधून फुटत नाही, रिक्वेस्ट लॉग करताना किंवा टू-स्ट्रिंगमधून तो लॉगमध्ये सांडतो. कोणी, केव्हा, काय बदललं, आधी काय होतं याची नोंद. मोठी रक्कम किंवा दर बदलायचा तर एकाने भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं.

रिलीजबद्दल विचारलं तर १ ऑगस्ट २०१२ चा नाइट कॅपिटल या अमेरिकी ट्रेडिंग कंपनीचा प्रसंग माहीत असावा. आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा कोड गेला, एकावर जुनाच राहिला, आणि नव्या सोयीसाठी एक जुना फ्लॅग (कोडचा भाग चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला होता. आठव्या सर्व्हरवर त्या फ्लॅगने कित्येक वर्षं न वापरलेला कोड जागा केला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. गोष्ट सांगून थांबू नका. सगळ्या सर्व्हरवर एकच आवृत्ती आहे का याची तपासणी, मेलेला कोड काढून टाकणं, ठरावीक मर्यादेबाहेर ऑर्डर गेल्या की सगळं बंद करणारा स्विच, यांतलं तुमच्या कामात तुम्ही काय केलंय ते सांगा.

फायनान्सची भाषा दोन संध्याकाळींत होते. ऑर्डर, एक्झिक्युशन, क्लिअरिंग, सेटलमेंट हा क्रम. बिड (खरेदीचा भाव), आस्क (विक्रीचा भाव), स्प्रेड (दोन्हींतला फरक). टी-प्लस-वन म्हणजे सौद्यानंतरच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी सेटलमेंट, अमेरिकेत शेअर बाजार २८ मे २०२४ पासून त्यावर आला. कार्डात ऑथोरायझेशन, कॅप्चर आणि सेटलमेंट या तीन वेगळ्या पायऱ्या असतात. केवायसी आणि मनी लॉन्डरिंगविरोधी तपासण्या कशासाठी असतात ते. ट्रेडिंगची टीम असेल तर फिक्स प्रोटोकॉलचा (ऑर्डर आणि सौदे कळवायच्या ठरलेल्या मेसेज-पद्धतीचा) एखादा मेसेज उघडून बघा. टॅग ३५ म्हणजे मेसेजचा प्रकार, ५५ चिन्ह, ५४ बाजू, ३८ संख्या, ४४ भाव. पेमेंटची असेल तर आयएसओ २००२२ हे पेमेंटच्या मेसेजचं आंतरराष्ट्रीय मानक काय आहे एवढं पुरे. याहून जास्त शब्द फेकलेत तर त्यांवरच प्रश्न येतील.

तिसऱ्या आठवड्यात नवीन काही वाचू नका. ट्रान्सफरची रचना कुणाला तरी मोठ्याने समजावून सांगा, वीस मिनिटांत, आणि त्याला प्रत्येक पायरीला ‘इथे बंद पडलं तर?’ विचारायला सांगा. कामातला एक बिघाड तयार ठेवा: काय दिसलं, नुकसान किती, आधी काय थांबवलं, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. तुमचा वाटा ‘आम्ही’मध्ये लपवू नका, पण ग्राहकांची नावं, आतले आकडे किंवा सध्याच्या कंपनीचा कोड बाहेर काढू नका. गुपित सांगणारा उमेदवार इथे हमखास नापास होतो. सीव्हीवरच्या नोकरीच्या तारखा कागदपत्रांशी महिन्यानुसार जुळवून घ्या, कारण या कंपन्या पार्श्वभूमीची तपासणी कसून करतात आणि दोन महिन्यांची साधी चूकही लपवाछपवी वाटू शकते.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतील. ताळ्यात निघालेले फरक कोण सोडवतं आणि त्यासाठी काय साधनं आहेत, ते विचारा. इंजिनिअर रोज सकाळी हाताने डेटाबेसमध्ये ओळी दुरुस्त करतात असं उत्तर आलं, तर तुमचे पुढचे सहा महिने कसे जातील ते तिथेच कळेल.